पप्पांचं अक्षर मनगटावर, आणि लेवीयातलं वचन

*"आदरणीय ताई, जय ख्रिस्त. मी चोवीस वर्षांची आहे. चौदा महिन्यांपूर्वी माझे पप्पा गेले. दृढीकरणाच्या वेळी त्यांनी मला दिलेल्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय, 'तुझे जाणे व येणे तो सांभाळील. पप्पा.' ही ओळ त्यांच्याच अक्षरात मला डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदवून घ्यायची आहे. आईला सांगितलं, तर तिने लेवीय उघडून माझ्यापुढे ठेवलं. 'पप्पा असते तर तुझी हिंमत झाली असती का?' म्हणाली. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलंय. पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, देह पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, मंदिराच्या भिंतीवर कोणी रेघोट्या मारतं का? माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते, आमच्यात कोणी अडवत नाही. ताई, टॅटू काढणं खरंच पाप आहे का? काढला तर प्रभुभोजन घेता येईल का? की गुपचूप काढून घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकू? सोबत त्या पानाचा फोटो पाठवते आहे."*

प्रिय मुली,

जय ख्रिस्त. तुझं पत्र पूर्ण वाचण्याआधीच मी फोटो उघडला आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. पप्पांचं पेन शाईचं होतं, हे लगेच कळतं. 'सांभाळील' मधला 'ळ' त्यांनी दोनदा गिरवलाय, पहिल्या वेळी शाई नीट उतरली नसावी. शिरोरेघ सरळ निघते आणि ओळीच्या शेवटी जराशी वर चढते. कुणाला हे अक्षर जवळ, अगदी कातडीइतकं जवळ हवंसं वाटलं, तर त्यात मला काहीच विचित्र वाटत नाही.

तुला सरळ उत्तर हवं आहे, म्हणून ते आधी देते. मी शास्त्र जसं वाचते त्यावरून सांगते, ही ओळ गोंदवून घेणं पाप नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याला, त्याने बाध येत नाही. पण गुपचूप काढू नकोस, आणि या महिन्यात तर नकोच. असं का म्हणते, ते आता जरा सविस्तर सांगते, कारण आईने तुझ्यापुढे ठेवलेलं वचन घाईघाईने बाजूला सारण्यासारखं नाही.

लेवीय १९:२८, म्हणजे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन. मेलेल्यासाठी अंगावर जखमा करून घेऊ नका, अंगावर काही गोंदवून घेऊ नका, मी परमेश्वर आहे. वचन एवढंच. टॅटूच्या बाजूने बोलणारे लोक लगेच आदल्या वचनावर बोट ठेवतात. तिथे दाढीची टोकं कापू नका असं आहे, आणि त्याच अध्यायात दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका असंही आहे. मग म्हणतात, दाढी कापता, मिश्र धाग्याचा शर्ट घालता, तर टॅटूवरच एवढा राग का? हा मुद्दा खोटा नाही, पण मला तो कधी पुरेसा वाटला नाही. त्याच अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा हेही आहे, चोरी करू नका हेही आहे, आणि मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका हेही आहे. ते आपण जुनं झालं म्हणून सोडून देत नाही. एक वचन मागे राहिलं म्हणून शेजारचंही आपोआप मागे राहतं, असं होत नाही.

म्हणून ते वचन कशाबद्दल आहे, हे आधी बघू. आजूबाजूच्या लोकांत कुणी मेलं की अंगावर वार करून घ्यायची, डोक्याचा पुढचा भाग भादरायची रीत होती. अनुवाद १४:१ मध्ये हे पुन्हा स्पष्टपणे येतं: मेलेल्यासाठी स्वतःला जखमा करू नका, तुम्ही परमेश्वराची मुलं आहात. गोंदण्यासाठी जो मूळ हिब्रू शब्द आहे, तो अख्ख्या बायबलमध्ये या एकाच जागी येतो, त्यामुळे तो नेमका कशाला म्हणत असत यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. काहींच्या मते तोही शोकविधीचाच भाग. इतरांच्या मते ती मालकीची खूण, कारण त्या काळी गुलामांच्या अंगावर मालकाचं किंवा देवाचं चिन्ह उमटवत. दोन्ही अर्थांनी आज्ञेचा रोख एकाच दिशेला जातो. तुम्ही माझे आहात, दुसऱ्या कुणाची खूण अंगावर घेऊ नका, मरणापुढे स्वतःला फाडून घेऊ नका.

आता एक गोष्ट सांगते, ती तुला आवडणार नाही. टॅटूवर लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, हे वचन मेलेल्यांच्या शोकाबद्दल आहे, तेव्हा आपल्याला ते लागू नाही, विषय संपला. बाकी कुणाला हे म्हणता येईल. तुला कसं म्हणता येईल, मुली? तू मेलेल्या माणसासाठीच हे करते आहेस. गुलाबाचं फूल किंवा पक्षी काढायला निघालेल्यांपेक्षा हे वचन तुझ्या जास्त जवळचं आहे. आईने ते तुझ्यापुढे ठेवलं, यात तिचं काही चुकलं नाही.

तरीही मी 'पाप नाही' म्हणते, याचं कारण नव्या करारात आहे. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेत प्रेषित आणि मंडळीचे वडील जमले होते आणि प्रश्न हाच होता, की परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं किती ओझं घालायचं. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि जारकर्म, एवढंच टाळा, असं त्यांनी पत्रात लिहिलं. अंगावरच्या खुणांचा त्यात उल्लेख नाही. आणि शोकाबद्दल प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. तो खेदाला आशेची जोड देतो. तुझ्या ओळीत मला ती आशा दिसते. पप्पांनी तिथे स्वतःबद्दल काही लिहिलेलं नाही. 'मी तुला सांभाळीन' असंही नाही. 'तो सांभाळील' असं आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्राचा शेवट त्यांनी आपल्या शब्दांत उतरवलाय. मेलेल्या माणसाने जिवंत देवाकडे बोट दाखवलेली ती ओळ आहे. जखमा करून घेऊन मेलेल्याला धरून ठेवणं आणि ही ओळ, यांत मला खूप अंतर दिसतं.

हे अंतर तुझ्या मनात खरोखर आहे का, हे मात्र मी तुझ्यासाठी ठरवू शकत नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सावकाश वाच. तिथे खाण्यापिण्याचा आणि सणवारांचा वाद आहे, आणि पौल शेवटी म्हणतो, जे विश्वासाने होत नाही ते पाप. म्हणजे एकच गोष्ट एकाला निर्दोष आणि दुसऱ्याला जड असू शकते. एखाद्या रात्री झोप लागत नसताना स्वतःला विचार, हे मनगटावर नसलं तर मी पप्पांना विसरेन, अशी भीती मला वाटते आहे का? उत्तर 'हो' आलं, तर थांब. भीतीने काढलेल्या खुणेकडे पुढे दर वेळी भीतीनेच बघशील.

पास्टरांच्या मंदिराबद्दल थोडंसं. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या सहाव्या अध्यायात देहाला मंदिर म्हटलंय ते वेश्यागमनाच्या संदर्भात, आणि वचनाचा शेवट 'तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहा, तर देहाने देवाचा गौरव करा' असा आहे. कसोटी म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यातून 'भिंतीवर काही लिहू नये' एवढंच निघत असेल, तर यरुशलेमेच्या मंदिराच्या भिंतींवर करूब (पंख असलेले स्वर्गीय प्राणी), खजुराची झाडं आणि उमललेली फुलं कोरलेली होती, हेही वाचायला हवं. '१ राजे' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आहे.

टॅटूची बाजू घेणारेही वचनं ओढूनताणून आणतात, आणि त्याचाही मला तितकाच त्रास होतो. यशया ४९ मध्ये परमेश्वर म्हणतो, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. प्रकटीकरण १९ मध्ये येशूच्या मांडीवर 'राजांचा राजा' हे नाव लिहिलेलं दिसतं. पौल गलतीकरांना लिहितो, मी येशूच्या खुणा देहावर वागवतो. यांतलं एकही वचन परवानगी म्हणून लिहिलेलं नाही. पौलाच्या त्या खुणा म्हणजे चाबकाचे आणि दगडांचे वण होते. यशया ४४:५ तेवढं वेगळं आहे. तिथे देवाकडे वळलेला एक जण आपल्या हातावर 'परमेश्वराचा' असं लिहितो, आणि ते कौतुकाने सांगितलेलं आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास गाझाच्या प्रोकोपियस या ख्रिस्ती भाष्यकाराने या वचनावर लिहिताना नोंद करून ठेवली, की पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटांवर किंवा दंडांवर क्रूसाची खूण किंवा ख्रिस्ताचं नाव गोंदवून घेतात. म्हणजे हा प्रश्न तुझ्या पिढीने काढलेला नाही.

खरं तर आपण समजतो त्याहून ही गोष्ट मंडळीत फार जुनी आहे, आणि इथे जरा रेंगाळते, कारण हे ऐकून तुझ्या आईची भीती कदाचित थोडी कमी होईल. रोमी जगात कपाळावर गोंदलेली खूण म्हणजे गुन्हेगार किंवा पळून जाताना पकडलेला गुलाम. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइन सम्राटाने कायदा केला, की शिक्षा झालेल्याचा चेहरा डागू नये, कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे; हातावर किंवा पोटरीवर मात्र खूण करता येईल. आठव्या शतकाच्या अखेरीस पोपचे दूत इंग्लंडमध्ये गेले. तिथल्या लोकांच्या गोंदण्याबद्दल त्यांच्या अहवालात जे आहे, त्याचा भाव असा: देवासाठी कुणी ही डागणी सोसली तर त्याला मोठं प्रतिफळ आहे, पण मूर्तिपूजकांच्या अंधश्रद्धेने केली तर तारणाच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही. बाराशे वर्षांपूर्वीही त्यांनी शाईपेक्षा कारणाला महत्त्व दिलं होतं.

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटासा क्रूस असतो, पुष्कळांच्या हातावर लहानपणीच गोंदलेला. छळाच्या काळातही तो झाकून नाकारता येत नाही, हाच त्याचा अर्थ. इथिओपियात आणि एरिट्रियात बायकांच्या कपाळावर क्रूस दिसतो. बोस्नियातल्या कॅथलिक बायका ओटोमन तुर्कांच्या राजवटीत हातांवर क्रूस गोंदवून घेत. यरुशलेमेला गेलेले यात्रेकरू यात्रेची साक्ष म्हणून हातावर क्रूस गोंदवून परतत. लाकडाच्या ठशावर नक्षी कोरलेली असे. ठसा शाईत बुडवून कातडीवर दाबायचा, आणि उमटलेल्या रेषांवरून सुई चालवायची. सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी हे लिहून ठेवलं आहे, आणि यरुशलेमेच्या जुन्या शहरात हे काम आजही चालतं. तुझ्या मैत्रिणीचंही बरोबर आहे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात टॅटूवर बंदी नाही, आणि पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ रोजी तरुणांच्या सभेत धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला उत्तर देताना सांगितलं होतं, की टॅटूला घाबरू नका; एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांच्या कपाळावरच्या क्रूसाची त्यांनी आठवण काढली. अतिरेक झाला की अडचण, असंही ते म्हणाले.

तुमच्या मंडळीत मात्र नियम असेल, तर तो तुला विचारून घ्यावा लागेल. काही मंडळ्या सेवेत असलेल्यांना, म्हणजे गायनात किंवा संडेस्कूलमध्ये शिकवणाऱ्यांना, टॅटू चालत नाही असं स्पष्ट सांगतात. तू संडेस्कूल घेत असलीस तर आधी बोल. नंतर सांगितलंस तर ते फसवल्यासारखं वाटतं.

प्रभुभोजनाबद्दल तू विचारलंस तेव्हा मला आमच्या मंडळीतले एक गृहस्थ आठवले. चाळिशी उलटल्यावर बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचं आयुष्य दारूत गेलेलं. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत साप, आणि त्याच्या विळख्यात एका बाईचं नाव. एका रविवारी पाहुण्या उपदेशकाने लेवीय १९:२८ मोठ्या आवाजात वाचलं आणि टॅटूवाल्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. पुढच्या रविवारपासून हे गृहस्थ ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावून यायला लागले. भाकर घ्यायला उजवा हात पुढे करताना डाव्या हाताने बाहीचं टोक घट्ट धरून ठेवायचे, वर सरकू नये म्हणून. काही महिन्यांनी त्यांनी मला विचारलं, ताई, हे खरवडून काढू का? तो आवाज मी विसरलेले नाही. ज्या देहासाठी ख्रिस्ताने मोल दिलं, तो देह घेऊन माणूस त्याच्याच मेजापुढे लपत होता. आम्ही त्यांना तसं होऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून या विषयावर कुणी ताठ आवाजात बोलायला लागलं, की मी आधी बघते, ऐकणाऱ्यांत बाह्या कुणाच्या लांब आहेत.

म्हणूनच घड्याळाच्या पट्ट्याला मी नाही म्हणते. पप्पांची ओळ तू झाकून ठेवायला काढणार आहेस का? आईच्या घरात, आईच्या समोर, रोज ताट पुढे करताना मनगट उलटं धरशील. थोड्या दिवसांनी ती ओळ तुला आशीर्वादाऐवजी चोरीसारखी टोचायला लागेल.

आता आईकडे येते. तू तिचं जे वाक्य लिहिलंस, 'पप्पा असते तर तुझी हिंमत झाली असती का', ते मी पुन्हापुन्हा वाचलं. त्यात लेवीय कुठेच नाही. त्यात एक बाई आहे, जिच्या घरात निर्णय घेताना दोन आवाज असायचे आणि आता एकच उरलाय. तिला एकटीला 'नाही' म्हणावं लागलं, आणि त्या 'नाही'ला बळ यावं म्हणून तिने आधी शास्त्राला हाक मारली, मग नवऱ्याला. तूही तेच करते आहेस, मुली. तू त्यांचं अक्षर पुढे करतेस, ती त्यांचा धाक पुढे करते. दोघी त्यांच्या वतीने बोलता आहात आणि एकमेकींशी त्यांच्याविषयी बोलत नाही आहात. पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. ते पान आईने पाहिलंय का? अलीकडे, त्यांच्या जाण्यानंतर? तिच्यासाठी त्यांनी काही लिहून ठेवलंय का? तुझ्याकडे त्यांच्या हातची एक ओळ आहे. तिच्याकडे काय आहे, हे तू विचारलंयस का?

कुणी म्हणेल, आईला अडखळण होईल म्हणून तू हे कायमचं सोडून दे. मी तसं म्हणत नाही. पौल ज्याला अडखळण म्हणतो, ते म्हणजे आपलं बघून दुसऱ्याने स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागणं. तुझं बघून आई काही टॅटू काढायला जाणार नाही. तिला वाईट वाटेल, आणि वाईट वाटणं म्हणजे अडखळणं असं प्रत्येक वेळी धरलं तर मंडळीत कुणाला हलताच येणार नाही. पण आईबापांचा मान राख ही आज्ञा चोविसाव्या वर्षी संपत नाही. तुझ्या वयात मान राखणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला होकार मागणं नव्हे, पण तिच्या पाठीमागे न करणं मात्र नक्कीच.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी ते बायबल घेऊन तिच्याजवळ बस. टॅटूचं नाव काढू नकोस. पान उघडून दे आणि गप्प राहा. ती रडली तर रडू दे, तूही रड. चौदा महिन्यांत तुम्ही दोघी एकत्र किती वेळा रडलात, मला माहीत नाही, पण मला वाटतं फारशा नाही. टॅटूचं बोलणं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात, केव्हाही होईल. तेव्हा तिला सांग की मी हे तुझ्यापासून लपवून करणार नाही, आणि पप्पांना जाऊन दोन वर्षं होईपर्यंत थांबणार आहे. दोन वर्षांचा आकडा शास्त्रात नाही, तो माझा आहे. दुःख ताजं असताना घेतलेले निर्णय मी स्वतः घेऊन पाहिले आहेत, म्हणून सांगते. दहा महिन्यांनी ओळ इतकीच हवीशी वाटली, आणि आई अजूनही 'नाही' म्हणत असली, तर तिला दिवस सांगून जा. तेव्हा मी तुला दोष देणार नाही.

जाशील तेव्हा थोडं व्यवहाराचं. दरवेळी नवी, सीलबंद सुई उघडणाऱ्या, हातमोजे घालणाऱ्या आणि शाई छोट्या कपात वेगळी काढून घेणाऱ्या माणसाकडेच जा. हिपॅटायटिस बी आणि सी अस्वच्छ सुईतून पसरतात. टॅटूनंतर काही महिने, काही ठिकाणी वर्षभरही, रक्तदान करता येत नाही, तेव्हा आधी रक्त देऊन ये. कातडीतली शाई वर्षांनुवर्षं हळूहळू पसरते. बारीक अक्षरं, मात्रा आणि अनुस्वाराचे ठिपके भरून जातात, म्हणून ओळ फार लहान काढू नकोस. लेझरने काढायचं झालं तर अनेक फेऱ्या लागतात आणि खूण पूर्ण जाईलच असं नाही. आणि मूळ बायबल तिथे नेऊ नकोस. पान घरीच नीट स्कॅन करून घे, अक्षर सुंदर करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हण. तो दोनदा गिरवलेला 'ळ' तसाच राहू दे.

पान आईला दाखवलंस की ती काय म्हणाली, ते मला लिही. मी तुमच्या दोघींसाठी प्रार्थना करते आहे.

तुझी,
ताई